रोप
जर्मिनेशनची डेफिनिशन मला कॉन्व्हेंटपासून पाठ. पण मागच्या जानेवारीत गिरडला आजीने घरच्या मिरचीचं बी हातात दिलं, "बाबू, रोप टाक." मी सकाळ-संध्याकाळ वाफा भिजवला. फरीदबाबांच्या टेकडीखाली थंडी कडाक्याची, त्यात माती ओलीचिंब! टाकलेलं सगळं बी कुजलं. दुकानातून पाकीट आणता आलं असतं. पण हे बी आजी दरवर्षी राखायची. ती रागावली नाही. उरलेलं चिमूटभर बी ओल्या फडक्यात बांधून तिने चुलीजवळ ठेवलं. "बीले ऊब पायजे, पूर नाई."

मिरचीला २५ ते ३० अंश लागतात, हे मी वाचलं होतं. मातीला हात लावून मात्र पाहिलं नव्हतं. आठवड्याभरात मोड आले. मित्रांनो, यंदाचं बी मी राखलंय!