गाडी गेली, वही राहिली

2023 सालच्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी निवृत्त झाली. ही बातमी आमच्या कानी पडली ती शाळेच्या कार्यालयात, मधल्या सुट्टीत. एका तरुण शिक्षकाने ती मोठ्याने वाचून दाखविली आणि सहज विचारले, “सर, तुमच्याकडेही होती ना अशी गाडी?” “होती,” एवढेच उत्तर देऊन आम्ही हजेरीपटात डोके खुपसले. त्या एका शब्दामागे जे दडलेले होते, ते आजवर आम्ही सौभाग्यवतींखेरीज कोणाजवळ बोललेलो नाही. आज ते लिहावयास बसलो आहोत.

आमचे वडील, अण्णा, इंदूरच्या रामबागेत डॉक्टरकीचा व्यवसाय करीत. त्या काळी मोटार घ्यावयाची म्हणजे नुसता पैसा असून भागत नसे. नाव नोंदवावे, अनामत भरावी आणि मग वर्षामागून वर्षे वाट पाहावी, अशी रीत होती. बाजारात मोटारी म्हणजे मुख्यत्वे दोनच, अँबॅसडर आणि फियाट. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाटच्या नमुन्यावर ही दुसरी गाडी तयार होई. सत्तरीच्या दशकात तिचे ‘पद्मिनी’ असे बारसे झाले खरे, परंतु घरोघरी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. आमची फियाट 1979 च्या दसऱ्याच्या सुमारास दारी आली. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. आईने तिला हळदकुंकू वाहिले, चाकांखाली लिंबे ठेवली आणि पहिला नमस्कार खजराण्याच्या गणपतीला करून मगच अण्णा तिच्यातून दवाखान्यात गेले.

रंग फिकट करडा; यंत्र 1089 घनसेंटिमीटरचे; गिअरचा दांडा चालकाच्या हातातील चक्राशेजारीच; पुढे एकसंध लांब बैठक, त्यामुळे अण्णा, आई आणि मधोमध आम्ही असे तिघे सहज मावत असू. पुढील दारांना छोट्या त्रिकोणी काचा होत्या. त्या किंचित वळविल्या की उन्हाळ्यातही वाऱ्याचा झोत थेट तोंडावर येई. हिवाळ्याच्या सकाळी चोक ओढल्याखेरीज ती जागी होत नसे. मे महिन्यात ओंकारेश्वरास जाताना भेरूघाटात हटकून रुसून बसे. पंपातल्या पेट्रोलची उन्हाने वाफ होई आणि गाडी जागच्या जागी थांबे. मग अण्णा शांतपणे उतरत, फडके पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळीत आणि म्हणत, “चढण तिलाही लागते. दहा मिनिटे दम खाऊ द्या.” तेवढ्या वेळात आई शिदोरी सोडी. भेरूघाटातल्या दशम्यांची चव आम्हांस पुन्हा कोठे मिळाली नाही.

आळीला मात्र या गाडीचा परिचय होता तो तिच्या आवाजाने. अपरात्री कोणाकडे दुखणे विकोपास गेले, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी फियाटचा आवाज ऐकू येताच घरातली माणसे म्हणत, “आले डॉक्टर!” रोग्याचा अर्धा आजार तेथेच उतरे, असे आई थट्टेने म्हणे.

या गाडीची एक वही होती. शंभर पानी, लाल कापडी बांधणीची. पेट्रोल किती भरले, काटा कोठे होता, तेल केव्हा बदलले, पॉइंट केव्हा घासले, ही सारी नोंद अण्णा स्वहस्ते करीत. रात्रीच्या फेऱ्यांचीही नोंद असे. रोग्याचे नाव ते कधीही लिहीत नसत; फक्त तारीख, वेळ आणि मोहल्ला. पंचवीस वर्षांत त्या वहीत एकही खाडाखोड नव्हती.

2004 साली गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती नव्याने करून घ्यावी लागे आणि हे नूतनीकरणाचे तिसरे खेप होते. कुर्ल्याची ही गाडी निघणे या शतकाच्या उंबरठ्यावरच बंद झाले होते. आमच्या गाडीचा तळपत्रा गंजला होता. आमच्या उस्तादांनी खालून वाकून पाहिले आणि म्हणाले, “माट्साब, इंजन तो अभी जवान है, बस पैर गल गए हैं.” पत्र्याचा खर्च त्यांनी चौदा हजार सांगितला. इकडे आम्ही हप्त्यांवर नवी लहान गाडी ठरविली होती आणि ती गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर दारात यावयाची होती. अंगणात जागा एकाच गाडीपुरती.

अण्णा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मोतीबिंदूमुळे दोन वर्षांपूर्वीच त्यांनी गाडी चालविणे सोडले होते. तरी दर रविवारी ते ती पुसून काढीत आणि दहा मिनिटे यंत्र चालू ठेवीत. विकण्याचा निर्णय आम्ही त्यांना विचारला नाही; रात्रीच्या जेवणावेळी सांगितला. त्यांनी ताटातला भात कालविला आणि म्हणाले, “बरं. चांगल्या हातात दे, एवढंच.”

असा चांगला हात चालून आलाही होता. जुन्या इंदुरातला एक तेवीस वर्षांचा तरुण, पीथमपूरच्या एका कारखान्यात नुकताच लागलेला, चार वेळा येऊन गेला. गाडी आपणच दुरुस्त करून वापरू, असे त्याचे म्हणणे होते. नऊ हजारांची किंमत त्याला मान्य होती. मात्र ती तो तीन महिन्यांत, तीन हप्त्यांनी देणार होता. स्वतः पाच वर्षांच्या हप्त्यांवर नवी गाडी घेणाऱ्या आम्हांस त्याचे तीन हप्ते जड वाटले! “पाहू, कळवितो,” असे म्हणून आम्ही त्याची बोळवण केली.

पाडव्याला चार दिवस उरले असता अण्णा उज्जैनला आत्याकडे गेलेले होते. त्या संधीत आम्ही एका कबाड्याला बोलाविले. त्याने नऊ हजार रोख मोजले. त्याच्या माणसाने किल्ली फिरविली. आमची कल्पना अशी की, गाडी आता ढकलावी लागेल. परंतु पहिल्याच फेऱ्यात ती सुरू झाली आणि आपल्या पायांनी लोहामंडीच्या दिशेने चालती झाली. वळणावर सवयीचा आवाज ऐकून समोरच्या काकू गच्चीवर आल्या आणि त्यांनी विचारले, “डॉक्टर आले का?” आम्ही काही न बोलता आत आलो.

अण्णा परतले. रिकाम्या अंगणाकडे पाहून त्यांनी विचारले, “कुणी नेली?”

“त्या जुन्या इंदुरातल्या मुलाने.”

हे वाक्य आमच्या तोंडून कसे बाहेर पडले, ते आजही आम्हांस सांगता येत नाही. सकाळच्या प्रार्थनेनंतर मुलांना सत्याचा महिमा सांगणारे आम्ही, आणि आयुष्यात इतके सफाईदार असत्य आम्ही त्याआधी बोललो नव्हतो. अण्णांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, “त्याचा जन्म व्हायच्या रात्री त्याच्या आईला याच गाडीतून मी इस्पितळात पोचवलं होतं. योग्य ठिकाणी गेली.” मग ते उठले, कपाटातून लाल वही आणून त्यांनी आमच्या हाती दिली. “ही त्याला दे. गाडीचा स्वभाव कळायला त्याला उपयोगी पडेल.”

त्या मुलाजवळ गाडीच नव्हती. वही कोणत्या तोंडाने द्यावी? आम्ही ती शाळेच्या कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांखाली ठेवली. अण्णा महिन्या-दोन महिन्यांनी विचारीत, “वही दिलीस ना?” आम्ही “हो” म्हणत असू. एका असत्याच्या पोटी अशी किती निपजली, त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

2007 साली अण्णा गेले. दहाव्या दिवशी तो तरुण भेटावयास आला. त्याला पाहताच आमच्या पोटात गोळा उठला. मंडळी उठून गेल्यावर तो हळूच म्हणाला, “सर, एक सांगायचं होतं. मागच्या वर्षी डॉक्टरकाका मला राजवाड्याशी भेटले होते. त्यांनी विचारलं, गाडी कशी चालते? मला आधी काही उमगेना. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, मस्त चालते काका, घाटात जरा दम खाते. ते खूप हसले. माझं काही चुकलं का?”

आम्ही काय उत्तर देणार? ज्याला आम्ही नऊ हजारांसाठी तीन महिने विश्वासायोग्य मानले नव्हते, त्याने आमच्या असत्याचा भार एका क्षणात, काहीही न विचारता, स्वतःच्या शिरावर घेतला होता. अण्णांचे शेवटचे वर्ष समाधानात गेले ते त्याच्या उत्तरामुळे. आमच्यामुळे नव्हे.

दुसऱ्याच दिवशी आम्ही शाळेतून ती वही आणली आणि त्याच्या घरी गेलो. सारी हकीकत सांगितली. तो रागावला नाही. त्याने वही उघडली आणि 1981 मधील आपल्या जन्माची तारीख शोधून काढली. तेथे अण्णांच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते, ‘रात्री 2.10. जुनी इंदूर. परत 4.30. गाडी उत्तम.’ त्याने ती ओळ आपल्या आईला वाचून दाखविली. माउलीने वहीला हात लावून तो कपाळाशी नेला. वही आम्ही तेथेच ठेवून आलो.

आता जुन्या गाड्यांना पुन्हा मान आला आहे. पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करण्याचे नियम 2021 साली झाले. आमची असती, तर 2029 साली तीही त्या पंगतीत बसली असती. परंतु आमचा पश्चात्ताप त्या मानासाठी नाही. जुनी वस्तू कधी ना कधी घराबाहेर जावयाचीच. अंगण कोणाचेही अमर्याद नसते. आमचे चुकले ते इतकेच की, अण्णांनी आयुष्यभर जी वस्तू लोकांच्या अडीअडचणीला धावविली, ती काढताना आम्ही पाडव्याचा मुहूर्त पाहिला, रोख रक्कम पाहिली. त्यांनी घातलेली एकुलती एक अट पाहिली नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी वडीलधाऱ्यांचे असे काही असेल — सायकल असेल, शिवणयंत्र असेल, संवादिनी असेल — ते काढण्याची वेळ आली, तर जरूर काढावे. फक्त त्यांच्यादेखत काढावे आणि कोठे दिले ते त्यांना खरे सांगावे. चार रुपये कमी मिळाले, तर मिळू द्यावेत. त्या गाडीपैकी अण्णांनी जेथे पाठविले तेथे अखेर पोचली ती केवळ वही. तीही तीन वर्षे उशिरा.