बॉनेटवरचे बग

वळवाचे दोन पाऊस झाले की पंख फुटलेली वाळवी जमिनीतून हजारोंनी बाहेर पडते आणि दिसेल त्या उजेडाकडे झेपावते. घरात ती ट्यूबलाइटभोवती फिरते. पुणे-कोल्हापूर हायवेवर मात्र ती थेट आपल्या हेडलाइटवर येऊन आदळते. रात्री कराड-सातारा पट्ट्यातून गाडी काढली असेल तर सकाळी बंपर, बॉनेट आणि काचेवर जे काही दिसतं, त्याला आम्ही आयटीवाले अगदी शब्दशः 'बग रिपोर्ट' म्हणू शकतो. :)

विनोद सोडा, पण हे बग आणि आमचे बग यांच्यात एक साम्य खरंच आहे. घाईघाईत केलेला फिक्स मूळ बगपेक्षा जास्त नुकसान करतो.

आधी थोडं शास्त्र. गाडीचा रंग आपल्याला एकच थर वाटतो. प्रत्यक्षात पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. चमक जी काही असते ती त्याची. हा थर साधारण 40-50 मायक्रॉन जाडीचा असतो. डोक्यावरचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणजे आपली सगळी शायनिंग एका केसापेक्षा पातळ थरावर उभी! आणि हा थर एकदा घासला गेला की परत येत नाही. पॉलिश करून ओरखडे घालवतात म्हणजे काय, तर आजूबाजूचा थरही तेवढाच खाली आणतात.

आता किडा. त्याच्या अंगातला द्रव ओला असतो तोवर पाण्याने निघून जातो. ऊन लागलं की अंड्याचा बलक ताटाला धरावा तसा धरून बसतो. तापलेल्या बॉनेटवर चार-सहा दिवस तसाच राहिला तर क्लिअर कोटमध्ये मुरतो आणि डाग निघाला तरी ठसा राहतो. वर कडक कवचाचे तुकडे आणि हायवेची धूळ. यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच.

आमच्या सोसायटीत गेल्या जूनमध्ये यावरून चक्क मीटिंग झाली. एकांच्या नव्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसायला लागले होते. आरोपी कोण? रोज पहाटे गाड्या पुसणारे मामा. गाडीमागे महिना 500 रुपये मिळतात त्यांना. कोणी म्हणालं, खर्च त्यांच्या पैशातून कापा. कोणी म्हणालं, माणूसच बदला. मामा दाराशी हात बांधून उभे.

मी विचारलं, "मामा, चिकटलेले किडे तुम्ही कशाने काढता?"

"फडक्यानं, साहेब. टँकर चालू झाल्यापासनं चौदा गाड्यांना दोन बादल्या मिळतात. सगळ्यांना आठच्या आत गाडी पायजे. निघत नसलं की जोर लावायचा, दुसरं काय?"

झालं, रूट कॉज सापडलं. दोन बादल्यांचा नियम कमिटीचा, आठची घाई गाडीवाल्यांची आणि ओरखडे मामांच्या नावावर!

खरं तर यावरचा उपाय प्रत्येक आईला माहीत असतो. दुधाचं पातेलं करपलं तर ती ते घासत बसत नाही, भिजत घालते. इथेही तेच. गाडी सावलीत घ्यायची आणि बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. एक जुना मऊ टॉवेल कार शाम्पूच्या पाण्यात बुडवून डागांवर पसरायचा आणि 10-15 मिनिटं गाडीला हात लावायचा नाही. टॉवेल वाळायला लागला तर वर पाणी शिंपडायचं. मग तो ओढायचा नाही, सरळ उचलायचा. वरून पाणी सोडून धूळ वाहू द्यायची आणि ओल्या मायक्रोफायबरने, हाताचं वजन न देता, हलकेच पुसायचं. फडक्याची घडी बदलत राहायची. नाही निघालं? परत भिजवायचं. वेळ वाढवायचा, जोर नाही. शेवटी पाणी टिपून घ्यायचं, कारण बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके हा वेगळाच ताप. पावसाळ्याआधी एक हात वॅक्सचा मारून ठेवला तर पुढच्या वेळी किडे लवकर सुटतात.

भांड्यांची हिरवी घासणी आणि टूथपेस्ट, दोन्हींत घासणारे कण असतात, तेव्हा ती लांबच ठेवा. पेट्रोल किंवा थिनर तर नकोच, हेडलाइटचं प्लास्टिक त्याने तडकतं. आणि काचेवर किडे असताना वायपर कोरडे चालवू नका.

मीटिंगमध्ये मी एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच गाडीवर करून दाखवलं. स्प्रेच्या बाटलीने अख्खं बॉनेट भिजवायला जेमतेम लिटरभर पाणी लागलं. त्यावर कमिटीने मामांना दोन स्प्रे बाटल्या, आठ टॉवेल आणि बारा मायक्रोफायबर घेऊन दिले. पाण्याची एक बादली वाढली. मामांचे पैसे कापले नाहीत. काळ्या गाडीचे बरेचसे ओरखडे मशीन पॉलिशने गेले, दोन खोल होते ते राहिले.

आता रात्रीच्या प्रवासातून आलेली गाडी दिसली की मामाच बजावतात, "साहेब, आज नऊशिवाय देत नाही, भिजत घातलीय." काही जण कुरकुरतात. कुरकुरू देत.

तुमच्याकडेही कुणी मामा किंवा दादा गाडी पुसत असतील, तर ओरखडे दाखवण्याआधी त्यांना पाणी किती मिळतं, ते एकदा विचारून बघा.