व्हेनिसच्या विहिरी

भोपाळकरासमोर दुसऱ्या गावच्या पाण्याचं कौतुक करू नये. तो गालातलं पान जरा बाजूला सारतो आणि सांगून टाकतो, ताल म्हणावा तर आमचा, बाकी सगळ्या तलैया. मराठी असलो तरी मीही त्याच गावचा. १९५६ मध्ये राजधानी नागपूरहून उठून भोपाळला आली, तेव्हा सचिवालयातल्या कारकुनांबरोबर आमचं बिऱ्हाडही टी. टी. नगरात येऊन पडलं. उन्हाळा सोडून नागपूरच्या सगळ्या गोष्टींची आठवण आजी काढायची, पण बड्या तालाबाला तिने कधी नावं ठेवली नाहीत. असा वारसाहक्काचा गर्व बरोबर घेऊन व्हेनिसला गेलेला माणूस आधी नाक मुरडायला जागा शोधतो.

मला ती लवकर सापडेना. मेस्त्रेहून निघालेली गाडी खाजणावरच्या १८४६ सालच्या पुलावरून संथपणे जाते आणि सांता लुचियाला थांबते. स्टेशनच्या पायऱ्या उतरलं की समोर रस्ताच नाही, थेट ग्रँड कॅनॉल. बस म्हणून येते ती बोट, कचरा नेते तीही बोट. अरुंद गल्ल्यांमधल्या पुलांखाली उन्हाची जाळी हलत असते आणि दारांच्या खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ भरतीची रेघ ओढून ठेवतं. सान मार्कोचा चौक सुंदर आहे यात वाद नाही, पण तिथली गर्दी आपल्याला कबुतरांइतकंच किरकोळ करून टाकते. गोंडोलात आम्ही बसलो नाही. भाडं ऐकून ही म्हणाली, ‘‘अहो, एवढ्यात आपल्या भोपाळच्या बोट क्लबवर वर्षभर बसू.’’

मग आम्ही आतल्या मोहल्ल्यांत भटकत राहिलो. जवळपास प्रत्येक लहान चौकाच्या मधोमध दगडी कोरीवकामाचा एक मोठा कठडा आणि त्यावर लोखंडी झाकण. कुणी त्यावर पिशवी ठेवलेली, कुणी टेकून सँडविच खातंय. विहीर! चारी बाजूंनी पाणी असलेल्या या गावात विहीर कशाला?

कारण भोवतालचं सगळं पाणी खारं. खाली गोड्या पाण्याचा झरा नाही, चिखलच. म्हणून चौक काही मीटर खोल खणायचा, खारं पाणी आत येऊ नये म्हणून तळाला आणि कडांना चिकणमातीचा जाड थर द्यायचा, वाळू भरायची आणि मधोमध विटांची उभी नळी रचायची. पावसाचं पाणी फरशीतल्या भोकांतून वाळूत उतरायचं आणि गाळलं जाऊन मधल्या नळीत जमायचं. शाळेच्या पुस्तकातली एकावर एक ठेवलेल्या मडक्यांची गाळणी चौकाएवढी करावी तशी ही तरकीब. अशा सहा हजारांवर विहिरी या गावात होत्या. सार्वजनिक विहिरींना कुलूप असे. ठरलेल्या वेळी घंटा वाजली की ते उघडायचं. पाऊस ओढ देई तेव्हा ब्रेंता नदीचं पाणी बोटींतून आणून ओतत. दोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या शासनप्रमुखाच्या, राजवाड्याच्या चौकात अशाच दोन विहिरींचे कठडे चक्क कांशाचे आहेत, सोळाव्या शतकातले. पाण्याला एवढा मान दिलेला पाहिला आणि माझं मुरडायला निघालेलं नाक जागेवर आलं. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळ आला आणि विहिरींची झाकणं हळूहळू कायमची बसली.

त्याच सुमाराला आमच्याकडे एकेकाळची राज्यकर्ती कुदसिया बेगम हिने भोपाळच्या नळयोजनेसाठी स्वतःचा पैसा ओतला होता. ती १८८१ मध्ये गेली. तालाबकाठचा तिचा गौहर महल अजून उभा आहे. व्हेनिसच्या सत्ताधीशांनी खाजण गाळाने भरू नये म्हणून नद्यांची तोंडंच वळवली. भोजराजाने त्याच्या उलट केलं. अकराव्या शतकात बांध घालून त्याने कोलांस नदीच अडवली आणि त्या बड्या तालाबाच्या पाण्यावर आजही अर्ध्याहून थोडं कमी भोपाळ जगतं. मला विचाराल तर दोन्ही कामांत कसब सारखंच, पण भोजाचं पाणी पिता येतं, एवढं तरी मी म्हणणारच.

अर्थात फुशारकीला मर्यादा आहे. २००९ च्या उन्हाळ्यात तालाब इतका आटला की लोक कुदळी-घमेली घेऊन श्रमदानाने गाळ काढायला उतरले. आणि युनियन कार्बाइडच्या कारखान्याभोवतीच्या वस्त्यांत कित्येक हातपंप लाल रंगाने रंगवलेले, म्हणजे पाणी आहे, पण पिऊ नका. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तिथे शुद्ध पाणी पुरवायचा आदेश द्यावा लागला. व्हेनिसचं पाणी समुद्रामुळे खारट, त्याला कुणाचा इलाज नाही. आमच्या त्या पंपांना माणसांनी विष घातलं. व्हेनिसमधल्या विहिरीच्या कठड्याला टेकलो असताना हे डोक्यातून जाईना.

समुद्राशी व्हेनिसकरांचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी १९४ सेंटिमीटर चढलं होतं. आता खाजणाच्या तोंडांशी तळाला झोपवलेली ७८ पोलादी दारं आहेत. मोठी भरती येणार असली की ती हवा भरून उठवतात. ३ ऑक्टोबर २०२० ला ती पहिल्यांदा भरतीपुढे उभी राहिली आणि चौक कोरडा राहिला. त्यांची दारं पाणी बाहेर ठेवायला आहेत. आमच्या भदभदा धरणाची अकरा दारं तालाब भरला की पाणी सोडायला, आणि ती उघडली की अख्खं भोपाळ भुट्टा खात तमाशा बघायला धावतं.

हे सगळं मी एका लहान दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होतो. भोपाळ म्हटल्यावर त्याला वायूच आठवला, तो तर सगळ्यांनाच आठवतो. तुमच्याकडे समुद्र आहे का, असं त्याने विचारलं. नाही, तालाब आहे, गोडा, आम्ही तोच पितो. एवढं मोठं पाणी आणि मीठ नाही, हे काही त्याच्या गळी उतरेना. शेवटी हिने मोबाइलवर भदभद्याचा व्हिडिओ लावला. त्यात फेसाळत कोसळणारं पाणी, कणसं भाजणारी गाडी आणि मध्येच ‘‘मामा, हटो ना!’’ म्हणून ओरडणारा आमचा भाचा. म्हाताऱ्याने चष्मा वर सरकवला, पुन्हा लावायला सांगितला आणि आतून बायकोलाही हाक मारली.