टाळ आले, मृदंग गेला

मैत्रिणींनो, परवा मोशीला मुलाच्या नव्या ब्लॉकवर गेले होते. मुलगा चाकणच्या कारखान्यात, सून बँकेत, आणि डोक्यावर तीन-तीन हप्ते. चहा पिताना सून म्हणाली, "आई, हॉलमध्ये गाण्यांसाठी काहीतरी हवं, पण पैसे बेताचेच आहेत. तुम्ही म्हणे पूर्वी घरीच स्टिरिओ जुळवला होता?"

जुळवला होता तर! आणि त्यावरून घरात आठ दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

गोष्ट 1986 सालची. आम्ही तेव्हा निगडीला दोन खोल्यांत राहत होतो. ह्यांची नोकरी भोसरीला. सुट्टी गुरुवारची, त्यामुळे आपल्याकडच्या बायकांचा रविवार गुरुवारीच, हे तुम्हांला ठाऊक आहेच. आम्हां बारा जणींची भिशी होती, महिन्याला शंभराची. माझा नंबर लागला आणि हातात बाराशे रुपये आले. घरात फ्रीज नव्हता. उन्हाळ्यात दूध नासायचं. सासूबाईंनी मनात फ्रीजच धरला होता, बाराशेत आणखी भर घालून हप्त्यावर घ्यायचा म्हणून.

आणि मी म्हटलं, मला स्टिरिओ हवाय.

का, ते तेव्हा सांगता आलं नाही. लग्नाआधी चार वर्षं गाणं शिकले होते. तंबोरा माहेरीच राहिला. इथे सकाळी साडेपाचला स्टोव्ह पेटायचा तो रात्रीच शांत व्हायचा, त्यात गाणं कुठलं? निदान ऐकावं तरी नीट, एवढंच. सासूबाई म्हणाल्या, "गाण्यानं दूध टिकतं का गं?" उत्तर नव्हतंच. पण पैसे भिशीचे होते आणि भिशी मी शिवणकामातून भरली होती. तेवढ्या एका गोष्टीवर मी अडून बसले. आज मागे वळून बघताना वाटतं, दोघीही आपापल्या जागी बरोबरच होतो.

लक्ष्मी रोडवरच्या काचेतले सोनोडाइन, कॉस्मिकचे तयार सेट नुसते बघून घरी आलो. ह्यांच्या खात्यात आयटीआय झालेले एक भाऊजी होते. ते म्हणाले, "वहिनी, तयार घेऊ नका. सुटे भाग आणा, मी जोडून देतो." मग एका गुरुवारी लोकलने पुण्याला, आणि तिथून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे ट्रान्सफॉर्मर, सर्किट, बटणं, पत्र्याची पेटी असं सगळं भाजीसारखं मांडलेलं असतं. कॅसेट डेक जुना, ओळखीतला, सातशे रुपयांत. अ‍ॅम्प्लिफायरच्या सामानाला साडेतीनशे लागले. उरले दीडशे. त्यात आठ इंची एकच स्पीकर आणि खोक्याचं लाकूड बसलं. दुसरा स्पीकर दिवाळीच्या बोनसवर ठेवला.

आता स्टिरिओ म्हणजे दोन वाटांनी येणारं गाणं. काही वाद्यं डावीकडून, काही उजवीकडून, आणि गाणारा बहुधा मधोमध. आम्ही डावी वाट तेवढी जोडली. एका भजनाच्या कॅसेटमध्ये मृदंग खणखणीत यायचा आणि टाळ मात्र जवळजवळ ऐकूच यायचे नाहीत. टाळ नसलेलं भजन! शेजारच्या काकू हसल्या, पण आम्हांला त्याचीही सवय झाली.

खोकं मात्र झकास झालं होतं. यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून येतात, त्यांच्या फळ्या भोसरीला स्वस्तात मिळायच्या. पण त्या हलक्या पाइनच्या, त्यांनी आवाज घुमतो, म्हणून भाऊजींनी पुढची फळी जाड प्लायची घातली. सगळ्या फटी सरसाने बुजवल्या. आत गादीतला जुना कापूस विरळ करून भरला, तो माझा उद्योग. पुढच्या जाळीला कापड हवं होतं. त्याची परीक्षा सोपी आहे बरं का. कापड तोंडापाशी धरून फुंकर मारायची. फुंकर आरपार गेली तर आवाजही जातो. सासूबाईंच्या एका विरलेल्या नऊवारीतून ती अगदी सहज गेली. मागायला गेले, तर एक अक्षर न बोलता त्यांनी लुगडं पुढे केलं. अबोला संपला तो तिथे.

दिवाळी आली, बोनस आला नाही. कारखान्याला टाळं लागलं होतं. पाच महिने. त्या दिवसांचं फार सांगत नाही, ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना सांगायची गरजच नाही. मशीनवर रात्री बारापर्यंत ब्लाउज शिवले, वाण्याची वही वाढत गेली. एका संध्याकाळी ह्यांनी गिऱ्हाईक आणलं, स्टिरिओ बघायला. सासूबाईंचं भजन चालू होतं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यामुळे पोथी बंद झाली होती, दुपार-संध्याकाळ त्या त्या स्पीकरपाशीच असायच्या. त्या म्हणाल्या, "भजन संपेस्तोवर थांबायला सांग त्यांना." गृहस्थ थांबले, चहा घेतला आणि मग म्हणाले, "स्पीकर एकच? चारशे देतो." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चारशे रुपये म्हणजे तेव्हा आमचा तीन आठवड्यांचा किराणा होता. मी म्हटलं, नाही. किराण्यासाठी मी कानातली मोडली, आणि त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

टाळं उघडलं, पहिल्या पगारात दुसरा स्पीकर आला. तोही अगदी पहिल्यासारखाच हवा, दोन जातींचे दोन चालत नाहीत. जोडल्यावर आवाज पोकळ येऊ लागला, ढोलकीत दमच नाही. भाऊजींनी टॉर्चचा एक सेल घेऊन स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवला. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या अधिक टोकाला लागली की कागदी शंकू बाहेर सरकतो. आमचा एक बाहेर येत होता, एक आत जात होता. तारा उलट्या लागल्या होत्या. त्या बदलल्या आणि आवाज भरला.

पहिल्यांदा टाळ ऐकले तेव्हा मी पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले. सासूबाईंना दोन्ही स्पीकरांच्या मधोमध बसवलं. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "टाळ आले गं, पण मृदंग कुठं गेला?"

आमच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांचा डावा कान चाळिशीतच गेलेला! इतके महिने त्या उजवा कान लावून डाव्या वाटेचं गाणं ऐकत होत्या. आता समोर बसल्यावर डावीकडचं सगळं त्यांना पुसट झालं. ज्यासाठी कानातली मोडली ते त्यांच्या कामाचंच नव्हतं. भाऊजींनी त्यावर तोड काढली. पेटीच्या मागे एक छोटा खटका बसवला. तो वर केला की दोन्ही वाटा एक होतात आणि दोन्ही स्पीकरांतून सगळं गाणं येतं. दिवसा खटका वर, त्यांच्यासाठी. रात्री त्या झोपल्या की खाली, आमच्यासाठी, अगदी हळू आवाजात. फ्रीज पुढे तीन वर्षांनी आला.

सुनेला मी एवढंच सांगितलं: आधी स्पीकर चांगले घे, पैसा तिथे घाल. डब्यावर हजार वॅट छापलेलं असलं तरी भुलू नकोस, आरएमएस किती ते विचार. दहा बाय बाराच्या खोलीला बाजूला दहा-पंधरा वॅट पुष्कळ होतात. स्पीकर आठ ओहमचा सांगितला असेल तर चार ओहमचा लावू नकोस, अ‍ॅम्प्लिफायर तापून जळेल. दोन्ही स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला यावेत, कोपऱ्यात कोंबू नयेत. मोबाइलवरची गाणी लावायला ब्लूटूथची छोटी पट्टी मिळते, ती जुन्या यंत्रालाही जोडता येते. तपकीर गल्ली आहेच. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुने स्पीकरही दिसतात, फक्त शंकूच्या कडेचा फोम बोटाने हळूच दाबून बघावा. भुगा पडला तर पुढे चालावं.

"पण आई," ती म्हणाली, "आपलं जुनंच चालेल ना?"

माळ्यावरून काढलं. मुलाने जुन्या कापडावरची धूळ झटकली, मी म्हटलं, हळू, ते लुगडं आहे. तारा जोडल्या, मोबाइलवर भजन लावलं. खटका अजून वरच होता. सासूबाई 1998 साली गेल्या, त्यानंतर तो कोणी खाली केलेलाच नव्हता. सुनेने विचारलं, "हे काय आहे?" आणि बोटाने खाली केला.

डावीकडून मृदंग, उजवीकडून टाळ. ती मधोमध जमिनीवर बसली, मी तिला सरकायला सांगून शेजारी बसले.