कन्नौज : जिथे मातीचेही अत्तर होते

कानपूरहून वायव्येला निघालेली बस सुमारे 80 किलोमीटर अंतर तोडून कन्नौजला पोहोचते. दिसायला हे उत्तर प्रदेशातले इतर गावांसारखेच एक गाव. अरुंद गल्ल्या, सायकलरिक्षा, चहाच्या टपऱ्या आणि उघडी गटारे. मात्र बडा बाजारच्या गल्लीत शिरताच नाक जागे होते. एका दुकानातून गुलाब, दुसऱ्यातून वाळा, तर पुढच्या वळणावर मोगरा. गल्लीतल्या दुकानांत छोट्या काचेच्या कुप्या मांडलेल्या, आणि गिऱ्हाइकाच्या मनगटावर काडीने थेंब लावणारे दुकानदार. भारतातील अत्तराची ही राजधानी आहे.

एके काळी ती खरीच राजधानी होती. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाने येथून राज्य केले. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने या नगरीच्या वैभवाचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे कन्नौजसाठी पाल, प्रतिहार आणि दख्खनचे राष्ट्रकूट पिढ्यान्‌पिढ्या लढले. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने कोरवले, त्याच घराण्याच्या तिसऱ्या इंद्राने दहाव्या शतकाच्या आरंभी कन्नौज जिंकले होते. ते वैभव आता मातीखाली गेले. सुगंध तेवढा उरला.

देग आणि भपका

अत्तराचा कारखाना म्हणजे विटांच्या भट्ट्यांची एक रांग. प्रत्येक भट्टीवर तांब्याचे अवाढव्य भांडे, त्याला 'देग' म्हणतात. पहाटे खुडलेली फुले पोत्यांतून येतात आणि पाण्यासह देगेत ओतली जातात. वर झाकण बसवून कडा ओल्या मातीने आणि कापसाने लिंपतात. झाकणातून निघालेली बांबूची पोकळ नळी खाली पाण्याच्या हौदात ठेवलेल्या दुसऱ्या तांब्याच्या भांड्यात उतरते. हा 'भपका'. त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते.

खाली लाकडे नाहीतर शेणाच्या गोवऱ्या पेटतात. फुलांतला सुगंध वाफेवर स्वार होऊन नळीतून येतो, हौदातल्या पाण्यामुळे थंड होतो आणि चंदनतेलात मुरतो. पाणी आणि तेल वेगळे झाले की पाणी काढून पुन्हा देगेत घालतात. दुसऱ्या दिवशी ताजी फुले, तोच भपका. असे अनेक दिवस चालते.

जुन्या पद्धतीच्या भट्टीवर ना उष्णतामापक असतो, ना दाबमापक. कारागीर पाण्यात हात घालून भपक्याला स्पर्श करतो, देगेतल्या उकळीचा आवाज ऐकतो आणि जाळ कमी करायचा की वाढवायचा ते ठरवतो. जाळ जास्त झाला तर फुले करपतात आणि अत्तराला जळका वास येतो. ही विद्या बापाकडून मुलाकडे आली आहे. तयार अत्तर पूर्वापार चामड्याच्या कुपीत भरून उन्हात ठेवतात. उरलेसुरले पाणी चामड्यातून उडून जाते, अत्तर आतच राहते.

पहिल्या पावसाचा सुगंध

कन्नौजचे सर्वांत नवलाचे अत्तर फुलांचे नव्हेच, ते मातीचे आहे. भाजलेल्या मातीचे तुकडे देगेत घालून त्यांचा अर्क चंदनतेलात उतरवतात. कुपी उघडली की वळवाची पहिली सर अंगणात पडल्याचा भास होतो. 1964 साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी या गंधाला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. कन्नौजचे कारागीर मात्र त्याच्या आधीपासूनच तो बाटलीत भरून विकत होते.

गुलाबाच्या अत्तराची कथाही रंजक आहे. बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत त्याचे श्रेय नूरजहानच्या आईला दिले आहे. गुलाबजल करताना वर तरंगणारा तेलाचा तवंग तिने टिपला, असे तो सांगतो. हे शुद्ध तेल महाग का, हे हिशेब पाहिला की कळते. 1 किलो तेलासाठी साधारण 3 ते 5 टन पाकळ्या लागतात.

चंदन महागले, मग काय?

या धंद्याचे दुखणे चंदनात आहे. दक्षिणेतील चंदनाची झाडे बेसुमार तोडीने घटली आणि तेलाचे भाव सामान्य कारखानदाराच्या आवाक्याबाहेर गेले. मग अनेकांनी चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिनसारखी स्वस्त खनिज तेले घेतली. वास येतो, पण मुरलेल्या चंदनाची खोली येत नाही. त्यातच कृत्रिम सेंटने बाजार काबीज केला. येथल्या सुगंधाचा मोठा वाटा पानमसाला आणि तंबाखूच्या पुड्यांत जातो, ही आणखी एक खंत. फुलाच्या कष्टाचे चीज व्हावे, ते अशा ठिकाणी!

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 1991 साली येथे सुगंध आणि स्वाद विकास केंद्र सुरू झाले. तेथे तेलांची तपासणी होते, प्रशिक्षणही मिळते. 2014 साली कन्नौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन लाभले. तरीही चंदन परवडत नसेल, तर भट्टीपुढे बसायला पुढची पिढी येईल का, हा प्रश्न उरतोच.

घरच्या घरी सुगंध

कन्नौजची युक्ती घरच्या स्वयंपाकघरातही करता येते. औषध न फवारलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या पातेल्यात घेऊन त्या बुडतील एवढे पाणी घालावे. मधोमध तिवईवर वाटी ठेवावी, झाकण उलटे ठेवून त्यावर बर्फ घालावा आणि मंद आच द्यावी. झाकणाखाली जमलेली वाफ थेंबाथेंबाने वाटीत पडते. हेच गुलाबजल. स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि आठवड्याभरात संपवावे. चेहऱ्याला लावावे, उटणे त्यात कालवावे. डोळ्यांत मात्र घालू नये.

अंगाला लावायचे सुगंधी तेल करायचे असल्यास 3 चहाचे चमचे, म्हणजे 15 मिलीलिटर, तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात वनस्पतीच्या शुद्ध सुगंधी तेलाचे 5-6 थेंब पुरेत, चेहऱ्यासाठी 2-3. ही तेले फार तीव्र असतात, ती नुसती त्वचेवर लावू नयेत. आधी कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. लिंबाच्या सालीचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. तान्ही बाळे आणि गरोदर स्त्रियांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापर टाळावा.

कसे, केव्हा जावे?

मुंबई-पुण्याहून रेल्वेने कानपूर किंवा लखनौ गाठावे. तेथून कन्नौजला रेल्वे आणि बस मिळतात. गुलाबाच्या भट्ट्या पाहायच्या तर वसंत ऋतू, मोगऱ्यासाठी उन्हाळा. हिवाळ्यात गेल्यास जिल्ह्यातील लाख बहोसी अभयारण्यात स्थलांतरित पक्षीही पाहता येतात. अत्तर घेताना घाई करू नये. मनगटावर थेंब लावून घ्यावा, गावातून चक्कर मारून यावी. तासाभराने तो गंध मनगटावर रेंगाळत असेल, तरच पाकीट काढावे.

हळदीकुंकवाच्या तबकात मांडलेली अत्तरदाणी पुन्हा भरली जाईल, तेव्हा त्यात कुठली कुपी रिकामी होते यावर कन्नौजच्या एखाद्या भट्टीचा जाळ अवलंबून आहे.