गाडी कधी बनली?

जून लागला की नागपुरात ऊन एकदम जात नाही, पण आभाळाचा रंग बदलतो. सिमेंटच्या रुंद रस्त्यांवरची धग संध्याकाळी जरा लवकर उतरते, आणि बारावीचा निकाल हाती आलेल्या घरांतून प्रवेशाची धावपळ सुरू होते. कुणाला हिंगणा रोडवरच्या कॉलेजात जायचं असतं, कुणाला वर्धा रोडने थेट बुटीबोरीच्या अंगाला. घरातल्या मुलाने किंवा मुलीने नुकतीच अठरा वर्षं पूर्ण केलेली असतात, लायसन्स येऊन पडलेलं असतं, आणि जेवणं झाल्यावर एका जुन्या गाडीचा विषय निघतो. नवी गाडी झेपणारी नसते, आणि पोराच्या हाती एकदम नवी देऊही नये, यावर सगळ्यांचं एकमत असतं. मग ओळखीच्या मेकॅनिकला फोन जातो, एखादे काका स्वतःहून पुढे येतात, आणि प्रश्न ठरलेलेच असतात. किती चालली? एव्हरेज काय देते? एसी मे महिन्यात टिकतो का? उद्या विकली तर किती येतील? हे प्रश्न चुकीचे नाहीत. रोज ऑफिसला जाणाऱ्या, वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाने स्वतःसाठी गाडी घेताना तेच विचारावेत. पण अठरा वर्षांच्या हातात द्यायच्या गाडीला ते अपुरे पडतात. हे चारही प्रश्न गाडीच्या रोजच्या दिवसांबद्दलचे आहेत, आणि नवशिक्याची गाडी निवडताना विचार करायचा असतो तो तिच्या सर्वांत वाईट दिवसाचा. त्यासाठी, माझ्या मते, किलोमीटरच्या आकड्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: ही गाडी कधी बनली?

याचं कारण गेल्या दहा-बारा वर्षांच्या इतिहासात आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून पाहिल्या आणि निकाल जाहीर केले. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो, यांपैकी एअरबॅग नसलेल्या एकाही गाडीला प्रौढांच्या सुरक्षेचा एकही तारा मिळाला नाही. खरी शिकवण मात्र शून्याच्या आतल्या फरकात होती. अल्टो, नॅनो आणि आय-टेन यांचा सांगाडाच इतका चेपला की एअरबॅग असती तरी फारसा उपयोग झाला नसता, असं परीक्षकांनी नोंदवलं. फिगो आणि पोलो यांचे सांगाडे तग धरून राहिले. फोक्सवॅगनने मग बिनएअरबॅगची पोलो बाजारातून काढून घेतली, आणि दोन एअरबॅग लावलेल्या त्याच पोलोला चार तारे मिळाले. म्हणजे मजबूत पत्र्याशिवाय एअरबॅग लंगडी, आणि एअरबॅगशिवाय मजबूत पत्राही लंगडाच. दोन्ही हवेत. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात स्वस्तात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच गाड्या याच काळातल्या आहेत. त्या झकास चालतात, मायलेज उत्तम देतात, त्यांचे सुटे भाग कुठेही मिळतात. विश्वासू म्हणून त्यांचं नाव आहे आणि ते खरंही आहे. फक्त तो विश्वास इंजिनाचा आहे.

त्यानंतर कायदा हलला, आणि त्याच्या तारखा सर्वसामान्य घराला फुकटात एक मोजपट्टी देऊन गेल्या. समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेची सक्तीची चाचणी नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाली, आणि आधीपासून बनत असलेल्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०१९ पासून. ब्रेक जोरात दाबला तरी चाकं जखडू न देणारं एबीएस एप्रिल २०१९ पर्यंत सगळ्या गाड्यांत आलं. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक कारमध्ये चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटना पट्ट्याची आठवण करून देणारा आवाज, मागे घेताना सावध करणारे सेन्सर आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ताशी ८० च्या पुढे टोचणारी आणि १२० च्या पुढे थांबायचं नाव न घेणारी ती पिपाणी अनेकांना त्रासाची वाटते. अठराव्या वर्षी मात्र शेजारच्या सीटवर कुणी मोठं माणूस नसताना बोलणारं तेवढंच कुणीतरी गाडीत असतं. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या मॉडेलांत सक्तीची व्हायला २०२१ चं वर्षअखेर उजाडलं. म्हणून किमान रेघ ऑक्टोबर २०१९ ची धरावी, आणि बजेट थोडं ताणता आलं तर २०२२ ची. ही रेघ ओढली की बाजारातली गर्दी निम्म्याने ओसरते आणि निवड सोपी होते. तिच्या अलीकडे चाचण्यांत चांगलं नाव काढलेल्या, पण आता जुन्या होऊन आवाक्यात आलेल्या गाड्या आहेत. शेवटच्या काळातली चार ताऱ्यांची पोलो किंवा इटिऑस लिवा, २०२० च्या चाचणीत चार तारे मिळवलेली टियागो, त्याच वेळी पाच तारे घेणारी अल्ट्रोझ, थोडे जास्त पैसे असतील तर २०१८ मध्ये चार ताऱ्यांची ठरलेली ब्रेझा किंवा पाच ताऱ्यांची नेक्सॉन. जुलै २०२२ मध्ये चाचणीचे नियम कडक झाले, तेव्हा आधीचे चार तारे आणि नंतरचे चार तारे एकाच तागडीत घालू नयेत, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रेमापोटीच येतो. शिकताना ठोकणारच ना, मग चांगली गाडी कशाला खराब करायची? आधी जुनी छोटी घेऊन देऊ, हात बसला की बरी घेऊ. या बोलण्यात दोन वेगळ्या ठोकरा एक झाल्या आहेत. एक ठोकर पार्किंगमधली: बंपर घासला, आरसा तुटला, डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे काही हजार गेले. ती होणारच, आणि तिच्यासाठी कोणत्याही गाडीला विमा पुरेसा आहे. दुसरी ठोकर रिंग रोडवरची, रात्रीची, समोर ट्रक असलेली. तिच्यात गाडी खराब होण्याची चिंता कुणालाच उरत नाही. नवशिक्या चालकाला दुसऱ्या प्रकारच्या ठोकरीचा धोका जास्त असतो, कमी नाही. म्हणजे ज्याच्याकडे अनुभवाचं कवच सर्वांत पातळ, त्यालाच आपण पत्र्याचं कवचही सर्वांत पातळ देतो आणि तो भक्कम झाला की मग भक्कम गाडी देतो. उलटं करायला हवं. घरात दोन गाड्या असतील तर नवी मुलाला आणि जुनी बापाला, हा हिशेब ऐकायला विचित्र वाटतो, पण तोच बरोबर आहे.

नागपूरच्या नकाशाकडे पाहिलं की हे जास्त पटतं. उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ याच शहरापाशी एकमेकांना छेदतात. चारी दिशांचा माल ट्रकांवरून इथून जातो, आणि कॉलेजला निघालेलं पोरगं कामठी रोडवर, वाडीला, पारडीला किंवा दिघोरीच्या चौकात त्याच ट्रकांच्या शेजारी असतं. शहरात वेगच नसतो, मग ६४ च्या चाचणीचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. दुपारी सीताबर्डीत नसतो, हे खरं. रात्री अकरानंतर मोकळ्या, सरळ, गुळगुळीत सिमेंट रोडवर ६४ हा वेग गाठायला काहीच लागत नाही. आणि शिवमडक्याला सुरू होणारा समृद्धी महामार्ग आहेच, जिथे कारला ताशी १२० ची परवानगी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या दारापर्यंत तो खुला झाल्यापासून, मित्रांनी रविवारी निघायचं म्हटलं तर तो वेग घरापासून अर्ध्या तासावर येऊन ठेपला आहे.

ट्रकच असतील तर मग मोठी, उंच, वजनदार गाडी घ्यावी का? वजनाचा फायदा असतो, हे भौतिकशास्त्र आहे. पण मोठं दिसणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने बिनएअरबॅगची स्कॉर्पिओ आपटली तेव्हा क्विड आणि इऑन यांच्याच पंक्तीला तिलाही शून्य तारे मिळाले. शिवाय उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, अचानक वळवली तर ती उलटायची शक्यता जास्त, आणि अचानक वळवणं ही तर नवशिक्याची खोडच. त्यातून अशा जुन्या गाडीला पुढे लोखंडी गार्ड बसवलेला असतो. अशा गार्डांवर २०१७ च्या डिसेंबरमध्ये बंदी आली ती उगीच नाही. तो गार्ड धडकेचा धक्का चेपणाऱ्या पत्र्याला वगळून थेट चेसिसकडे पाठवतो, एअरबॅगच्या सेन्सरची वेळ चुकवतो, आणि समोर पादचारी असेल तर त्याची हाडं मोडतो. मध्यम आकाराची, बेताच्या ताकदीच्या इंजिनाची, सांगाड्याने चांगली गाडी हीच खरी मधली वाट.

मग भरवशाचं काय? रात्री साडेदहाला मुलगी मानकापूरला आणि गाडी बंद, ही भीती कुठल्याही आईबापाला झोपू देणार नाही. पण क्लच बदलता येतो, बॅटरी नवी घालता येते, टायर चार दिवसांत येतात. सांगाडा बदलता येत नाही. त्यामुळे आधी सांगाडा, मग इंजिन, या क्रमाने गाडी पाहावी. ती कधी जोरात ठोकलेली असेल तर तिचे तारे गेले, मग रंग कितीही चकचकीत असो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद आणि विम्याचे जुने क्लेम मागून घ्यावेत. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागायला हवा आणि काही सेकंदांत विझायला हवा. तो लागलाच नाही, तर कुणीतरी त्याला मुद्दाम गप्प केलेलं असू शकतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तापणाऱ्या रस्त्यांवर सहा-सात वर्षं जुना टायर, नक्षी शाबूत असली तरी, पोराच्या हाती देऊ नये.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट बघायला हवी, ती पाण्याची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली, आणि दारापुढे उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी बुडालेली गाडी धुऊन, पुसून, अत्तर मारून पुन्हा विकायला येऊ शकते. एअरबॅग उडवायची की नाही हे ठरवणारा छोटा डबा बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, अगदी जमिनीलगत असतो. म्हणजे गुडघाभर पाण्यातही तोच पहिला बुडतो. गाडी सुरळीत चालत राहते, आणि ज्या दिवशी एअरबॅग हवी असते त्या दिवशी ती उघडत नाही. म्हणून सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहावा, तिथे चिखलाची रेघ सापडते. गालिचा उचलून पाहावा, सीटच्या रुळांवरचा गंज पाहावा. याच फेरीत मागच्या सीटचे पट्टे सीटकव्हरच्या खाली गाडले गेले आहेत का, तेही बघून घ्यावं. २०२२ मध्ये देशात पट्टा न लावल्याने १६,७१५ माणसं गेली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी, ८,३३१, चालवणारी नव्हती, शेजारी किंवा मागे बसलेली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात पालघरजवळ कार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी आणि मजबूत होती, ते मागे बसले होते, पट्टा लावलेला नव्हता.

या सगळ्यावरचा सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो टाळता येणार नाही. सुरक्षित गाडी आतल्याला वाचवते. बाहेरच्याचं काय? देशातल्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत सर्वांत जास्त माणसं दुचाकीवरची असतात, २०२२ मध्ये शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला ज्या पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले, ती सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा गुन्हा नोंदवला गेला. ती गाडीही आतल्या माणसासाठी सुरक्षितच होती. म्हणून जी गाडी मुलाला जपते तिने त्याला उडण्याची संधी देऊ नये, इंजिन लहान असावं, टर्बोचा मोह टाळावा. अठरा पूर्ण होण्याआधी चावी देणं तर दूरच राहो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९९-अ कलमाखाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

अठरानंतर मात्र आपला कायदा एकदम हात सोडतो. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्कं मिळू शकतं, आणि त्याच रात्री चार मित्र घेऊन निघायला कुणी अडवत नाही. न्यूझीलंडने १९८७ पासून नवशिक्यांना टप्प्याटप्प्याने मोकळीक द्यायला सुरुवात केली, सुरुवातीला रात्री आणि मित्र भरून गाडी चालवायला मनाई ठेवून. अमेरिकेतल्या अभ्यासांतही सोळा-सतरा वर्षांच्या चालकांच्या गाडीत जितके सवंगडी जास्त तितका जीवघेण्या अपघाताचा धोका वाढलेला दिसला. आपल्याला पुरावा दूरचा शोधायला नको. जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यात सेलसुऱ्याजवळ रात्री पुलावरून गाडी कोसळली आणि सात वैद्यकीय विद्यार्थी एका क्षणात गेले. अशा वेळी तारे आणि एअरबॅगा कमी पडतात. तेव्हा कायद्याने जे ठरवलं नाही ते घराने ठरवावं: पहिलं वर्षभर रात्री दहानंतर गाडी नाही, समृद्धीवर मोठं माणूस सोबत असल्याशिवाय नाही, आणि गाडीत एका मित्राहून जास्त नाही. मुलं चिडतील, त्यांना चिडू द्यावं.

राहिला पैशांचा प्रश्न. २०१४ च्या गाडीपेक्षा २०२० ची गाडी महाग पडते, आणि प्रत्येक घराला ती झेपेलच असं नाही. ज्यांना झेपत नाही त्यांनी शून्य ताऱ्यांची गाडी घेण्यापेक्षा वर्षभर थांबावं, असं मी म्हणेन. तोवर मेट्रो आहे, आपली बस आहे, आणि दूरच्या कॉलेजांना बहुधा स्वतःच्या बसही असतात. ज्यांना झेपते त्यांनी एक करावं. एजंट 'एकोणीसची गाडी आहे' म्हणेल, तेव्हा ते नोंदणीचं वर्ष आहे की बनल्याचं, हे विचारावं. गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष आरसीवर वेगळं छापलेलं असतं. मार्चमध्ये बनलेली गाडी दसऱ्याला नोंदवली गेलेली असू शकते, आणि त्या सहा-सात महिन्यांत नियम बदललेले असतात. टोकन देण्याआधी ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.