कळंबेकर कोण, कुठले?

कोल्हापुरात कुणी ‘कळंबा’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी उभ्या राहतात. एक तलाव आणि दुसरा तुरुंग. ‘तो कळंब्याला गेलाय’ हे वाक्य कोणत्या सुरात उच्चारले आहे त्यावरून समजायचे, की स्वारी फिरायला गेली आहे की सरकारी पाहुणचाराला! या दोहोंच्या प्रसिद्धीत एक तिसरी गोष्ट मात्र बिचारी झाकून गेली आहे, ती म्हणजे खुद्द कळंबा गाव आणि त्याचे नाव. आज आपण तलावाच्या बांधावर बसून त्या नावाचीच विचारपूस करू.

शहरातून दक्षिणेला गारगोटीच्या रस्त्याने निघाले, की चार-पाच किलोमीटरवर हे गाव लागते. मागे कात्यायनीचे डोंगर. तिकडून येणारे पाणी अडवून एकोणिसाव्या शतकात संस्थानी अमदानीत हा तलाव बांधला. गाव उंचावर आणि शहर उताराला. त्यामुळे येथले पाणी कसल्याही यंत्रावाचून आपल्या पायांनी चालत कोल्हापुरात जाई. ते ज्या ठिकाणी साठे, त्याला लोकांनी ‘पाण्याचा खजिना’ असे नाव दिले. पाण्याला खजिना म्हणणाऱ्या लोकांना नावे ठेवायची कला अवगत आहे, यात शंका नाही.

आता गावाचे नाव. बोलण्यात ते कळंबा. पण सरकारी दप्तरात शिरले, की ते ‘कळंबे तर्फ ठाणे’ होते. कारण याच मुलखात दुसरे कळंबे आहे, ते ‘तर्फ कळे’. एकाच नावाची दोन गावे झाली, तेव्हा दप्तरदाराने त्यांना चक्क आडनावेच लावली म्हणा ना! माणसांच्या आडनावांचा जन्मही असल्याच अडचणीतून झाला आहे.

कळंब म्हणजे कदंबाचे झाड. संस्कृतातला ‘कदंब’ प्राकृतात ‘कलंब’ झाला आणि मराठीने त्याचा ‘कळंब’ केला. पावसाळ्याच्या सुमारास या झाडाला चेंडूसारखी गोल, केशरी-पिवळी फुले येतात. कालियामर्दनाच्या वेळी श्रीकृष्णाने यमुनेत उडी घेतली ती याच झाडावरून, असे कीर्तनात आपण ऐकत आलो. झाडावरून गावाला नाव देण्याची आपली रीत तर जुनीच आहे. वडगाव, पिंपळगाव, आंबेवाडी, चिंचवड, बोरगाव! कळंब, कळंबे, कळंबोली ही नावे त्याच पंगतीतली. धाराशिव जिल्ह्यात एक कळंब आहे, यवतमाळ जिल्ह्यात दुसरे आहे, पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात तिसरे आहे.

आणि याच झाडाने महाराष्ट्राला दोन आडनावे दिली. एक ‘कळंबेकर’, क्वचितच कानी पडणारे. आणि दुसरे ‘कदम’, शाळेच्या कुठल्याही वर्गात हजेरी घेताना निदान एकदा तरी येणारे. एका झाडाच्या दोन फांद्या, मग एक एवढी डवरलेली आणि दुसरी विरळ का?

कदमांचे नाते परंपरेने कदंब राजघराण्याशी जोडले जाते. या घराण्याचा मूळ पुरुष मयूरशर्मा. चौथ्या शतकात त्याने वनवासीला राज्य स्थापले. कर्नाटकातल्या तालगुंद येथील शिलास्तंभावर या कुळाच्या नावाचा उगम कोरून ठेवला आहे. या कुळाच्या घरापाशी कदंबाचे झाड होते, त्याची ते निगा राखीत. म्हणून त्यांना कदंब म्हणू लागले. खानापूर तालुक्यातील हलसी हे या घराण्याचे एक राजधानीचे ठाणे होते. पुढे गोव्यात त्यांच्या शाखेने राज्य केले. गोव्याच्या सरकारी मोटारगाड्यांवर ‘कदंब’ ही अक्षरे आजही दिसतात, ती त्याच राजांची आठवण.

म्हणजे कदम हे कुळाचे नाव. कुळाच्या शाखा जिथे जिथे गेल्या, तिथे ते त्यांच्याबरोबर गेले. कळंबेकराचे तसे नाही. ते गावाचे नाव, आणि गावाचे नाव मिळते ते गाव सोडणाऱ्याला! कळंब्यात राहणाऱ्याला कुणी ‘कळंबेकर’ कशाला म्हणेल? तिथे सगळेच कळंब्याचे. पण त्यातला एखादा दुष्काळाने म्हणा, चाकरीसाठी म्हणा, दुसऱ्या गावी जाऊन राहिला, की तिथले लोक विचारणार, ‘हे कोण?’ ‘हे होय, हे कळंब्याचे!’ झाले, नाव पडले. आडनावातला ‘कर’ हा असा गाव सोडल्याचा दाखला आहे. लहान गावातून उठून जाणारी घरे ती किती? म्हणून कळंबेकर थोडे. शिवाय कळंबे अनेक असल्यामुळे प्रत्येक कळंबेकर याच तलावाकाठचा, असेही छातीठोकपणे सांगता येत नाही.

आडनाव आपण घेत नाही, बहुधा लोक देतात. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. चित्रपटसृष्टीतले कलामहर्षी बाबूराव (१८९०–१९५४) मूळचे मेस्त्री. पण हातातल्या कुंचल्याने त्यांना ‘पेंटर’ केले, आणि एक इंग्रजी शब्द अस्सल कोल्हापुरी आडनाव होऊन बसला. शेजारच्या इचलकरंजीचे जहागीरदार मूळचे जोशी. संताजी घोरपड्यांच्या घराण्याशी जडलेल्या कृतज्ञतेपोटी नारो महादेवांनी ‘घोरपडे’ हे नाव लावले. कुणाला धंद्याने नाव दिले, कुणाला उपकाराने, कुणाला गावाने. मंगेशीत १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी तर गावाचे नाव आपण होऊन घेतले, आणि मंगेशकर घराण्याच्या सुरांबरोबर ते चिमुकले गाव जगभर पोहोचले.

साहेबाच्या देशातही रीत हीच. इंग्लंडात साधारण चौदाव्या शतकापर्यंत बहुतेकांची आडनावे स्थिरावली, आणि त्यांतली कितीतरी गावांवरून पडलेली आहेत. त्यांपैकी एक फारसे न आढळणारे आडनाव म्हणजे ‘बर्टविसल’. हॅरिसन बर्टविसल (१९३४–२०२२) या नामांकित संगीतकारामुळे ते जगाला ठाऊक झाले. जुन्या इंग्रजीत ‘ब्रिड’ म्हणजे पाखराचे पिलू आणि ‘ट्विसला’ म्हणजे ओढ्याचे दुबेळके. लँकेशायर परगण्यात बर्नलीच्या आसमंतात जिथे ओढा दुभंगतो आणि पाखरे उतरतात, तिथे या नावाची एक वस्ती होती. ‘होती’ असे म्हणायचे, कारण आज ती नाही. घरे गेली, वाटा बुजल्या, पाखरांचे ते ठिकाणही नकाशावरून पुसले गेले. उरले ते फक्त आडनाव. गाव सोडून गेलेल्यांच्या पाठीवर बसून ते गाव तेवढे वाचले!

तलावाच्या बांधावर बसून हे आठवले, की मन थोडे चरकते. कळंब्याचे काही तसे होणार नाही. ते भरल्या गोकुळासारखे नांदते आहे. पण गाव ओसाड पडूनच नाहीसे होते असे थोडेच आहे? शहराने पोटात घेतले तरी होते. कोल्हापूर दक्षिणेला सरकते आहे. मळ्यांच्या जागी इमारती येत आहेत, आणि गाव कुठे संपले व शहर कुठे लागले हे सांगायला आता गावचाच माणूस हवा. उद्या ‘कळंबा’ म्हणजे शहराच्या एका उपनगराची पाटी तेवढी राहिली, तर हे नाव एका झाडाचे आहे, हे कोण सांगेल?

सांगेल तो कळंबेकरच! मुंबईच्या चाळीत नाहीतर परदेशातल्या एखाद्या कचेरीत कुणी त्याला आडनावाचा अर्थ विचारील, आणि तो म्हणेल, ‘आमचे गाव कळंबे.’ पण एवढ्याने भागायचे नाही. कोणते कळंबे, कोणत्या तलावाजवळचे, कोणत्या डोंगराखालचे, हेही त्याला ठाऊक हवे. नाहीतर ‘कर’ उरतो आणि गाव हरवते. म्हणून या दिवाळीत फराळाच्या ताटावर चार पिढ्या एकत्र बसल्या असतील, तर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला एवढे विचारून ठेवा, ‘आजोबा, आपण कुठले?’ उत्तर वहीत टिपून घ्या. आणि कुणी कळंबेकर हे वाचत असतील, तर त्यांनी एकदा या तलावाकाठी यावे, नि बांधाजवळ कदंबाचे एक रोप लावून जावे. गावाने त्यांना नाव दिले. त्या नावाचे झाड गावाला परत करायला काय हरकत आहे?